घसरगुंडीला पडलेलं कोडं

वसाहतीच्या मैदानात कडुनिंब उभा होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्याखाली पत्र्याची एक घसरगुंडी होती, भारी टापटिपीची. "तुझा मेला पाचोळा माझ्याच अंगावर पडतो!" ही तिची रोजची कुरकुर. वसाहतीतल्या माणसांनाही झाडलोटीचा कंटाळा आला होता. त्यांनी निंब तोडला आणि मैदानभर गुळगुळीत फरशी घातली.

घसरगुंडी आरशासारखी चमकू लागली. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पण पोरं काही फिरकेनात. एकदा छोटी रेणू वर चढून बसली आणि "आई गं!" म्हणत, पोळलेल्या मांड्या चोळत पळाली. पोरं जातात तरी कुठं, हे घसरगुंडीला काही केल्या कळेना. शेवटी तिने खारूताईला विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागे," खार म्हणाली. "तिथे लगोरी मांडलीय. टाकीची सावली सरकली, की लगोरीही सरकते."

"पण ऊन तर तिथेही असेल ना?"

"ऊन सगळीकडे तेच, बाई. आडोसा तेवढा तिथे आहे." खारीने कुठूनशी आणलेली लिंबोळी खाली ठेवली. "तुझ्या पायाशी फरशीला फट आहे. पुरू का ही?"

"सावली कधी पडेल?"

"ही पोरं तुझ्याहून उंच होतील तेव्हा."

"मग ती कशाला घसरायला येतील?"

"त्यांच्या पाठची येतील की. पण पाचोळा पडेल हं!"

घसरगुंडी म्हणाली, "पडू दे. तू खोल पूर."