मलिद्याची पहिली मूठ

"मग तो माझ्याशी बोलत का नाही, बाबा? मी काय घोडं मारलं त्याचं?"

यशोधन नूरशाबाबांसमोर तणतणत होता. सोळा वर्षांचा, पाटलांचा पोरगा. टेकडीवरच्या दर्ग्यातल्या या फकिराचा सगळ्यात लाडका चेला. आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

"तो म्हणजे कोण?"

"चिमण. पारध्यांच्या पालावरचा. वर्गात काही हरवलं की पोरं आधी त्याचंच दप्तर उपडं करतात. सोमवारी तर घड्याळापायी त्याला शर्ट काढायला लावला. घड्याळ नंतर बाकाखाली सापडलं."

"तू तिथंच होतास?"

"होतो की... चारचौघांत काय बोलणार? पण बाबा, रोज बंधाऱ्यामागं त्याला माझ्या डब्यातलं मीच देतो! अख्ख्या शाळेत त्याला दोस्त म्हणणारा मी एकटा. आणि काल डबा पुढं केला, तर पठ्ठ्या तोंड फिरवून निघून गेला. आता शाळाच सोडणार म्हणे."

बाबांनी हातातली माळ खाली ठेवली.

"उद्या गुरुवार. ये."

गुरुवारी दर्ग्यात ही गर्दी! धूप फिरला की प्रसादाच्या मलिद्याची पहिली मूठ यशोधनची, हा तीन वर्षांचा शिरस्ता. ऐटीत पुढं होऊन त्यानं ओंजळ धरली.

बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"कोण रे तू?"

"बाबा... मी यशोधन."

"असशील. सरक, लोक खोळंबलेत."

मूठ मागच्या म्हातारीच्या हातात गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

यशोधन बाजूला झाला. ओंजळ रिकामी, कानशिलं लाल, समोर वडील उभे... आणि तीन वर्षं माया लावणारा हा माणूस साधी ओळखसुद्धा देत नाही? तो तडक मागच्या विहिरीपाशी गेला आणि हमसून हमसून रडला.

उन्हं कलली. लोक पांगले.

मागून पावलं वाजली... बाबाच! त्यांनी मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओंजळीत मलिदा घातला, नेहमीपेक्षा दुप्पट.

यशोधन त्या मलिद्याकडं बघतच राहिला. घास काही तोंडाकडं जाईना.

"खा रे दोस्ता," बाबा म्हणाले. "इथं कुणी बघत नाही."