पुलावर थांबलेला घोडेस्वार

“दोन मिनिटांत आलो, असं म्हणून दादा कुठं निघाला होता?”

हा प्रश्न मी पोलिसांना विचारला. दादाच्या मित्रांना विचारला. आईला विचारला. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला दोनदा विचारला.

कुणी म्हणालं, वेळ आली होती. कुणी म्हणालं, देवाला चांगलीच माणसं लागतात. मामा म्हणाले, “सिद्धू, सोड आता हे.”

मी ‘का गेला’ असं विचारलंच नव्हतं. ‘कुठं’ विचारलं होतं. ते कुणीच सांगितलं नाही.

दादाचं नाव बिरदेव. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होता. बंद पडलेला माग त्याच्या हाताखाली आला की तासाभरात खडखडायला लागायचा. गेमिंगचा मोठा लॅपटॉप, हा त्याचा एकच शौक. सुट्टीच्या दुपारी तो खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. मला हात लावू द्यायचा नाही. “तू बघ रे,” म्हणायचा.

त्या दुपारी त्यानं आपला घोडेस्वार एका लाकडी पुलाच्या मधोमध थांबवला. “दोन मिनिटांत आलो,” म्हणाला. चप्पल घालून गेला. नाक्यावर ट्रकनं उडवलं.

एकवीस दिवस झाले. घोडेस्वार अजून पुलावरच होता. मी लॅपटॉप बंद होऊ दिला नव्हता.

मग एका सकाळी दादाचा चार्जर जळाला. विटेएवढा जड होता तो. मी धावत जाऊन बाजारातला छोटा आणला, लावला. दिवा लागला. पण बॅटरीचा आकडा उतरायला लागला. दिवा लागलेला आणि आकडा उतरतोय...

मी रिक्षा केली आणि दस्तगीर उस्तादांच्या दुकानात गेलो.

गावातल्या निम्म्या दुरुस्तीवाल्यांनी त्यांच्याकडून काम शिकलेलं. त्यांनी रेडिओपासून सुरुवात केलेली. आता डोळ्यांवर जाड भिंग, समोर पत्र्याचं टेबल. त्यांचा एक नियम होता. मशीन कुणाचंही असो, मालकानं आधी समोर बसून ते चालवून दाखवायचं. त्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नसत.

“चार्जर लावलाय, दिवा लागतोय, तरी उतरतं का?” मी दारातूनच ओरडलो. दिसला त्या सॉकेटमध्ये पिन खुपसली.

उस्ताद बशीत चहा ओतत होते.

“बस.”

“बसायला आलो नाही.”

“मग उभा राहा. आकडा काय, बसलास तरी उतरतो, उभा राहिलास तरी.”

मी लॅपटॉप टेबलावर आदळलाच असता, पण हळू ठेवला. त्याचा पंखा मागासारखा घोंगावत होता.

“झाकण उघडं ठेवून आणलास?”

“हो.”

“रिक्षात? वरातीतल्या नवरदेवासारखा?”

“झाकण लावलं की कधी कधी उठत नाही तो.”

“कोण?”

“लॅपटॉप!”

उस्तादांनी चार्जर दोन बोटांत धरून उचलला, जसं मांजराचं पिल्लू उचलावं.

“हा शंभर वॉट वाढतोय. तुझं मशीन एकशे ऐंशी खातंय. वरचे ऐंशी कुठून आणायचे त्यानं?”

मी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचायला लागलो.

“बॅटरीतून ओरबाडतंय. ताटात पडतंय म्हणजे पोट भरतंय, असं नसतं.”

“मग मोठा चार्जर द्या.”

“माझ्याकडं नाही. कोल्हापूरहून मागवतो. परवा मिळेल.”

“परवा?”

आकडा अडतीस होता.

“खेळ सेव्ह कर. बंद कर. परवा ये.”

“इथं सेव्ह होत नाही. हा गेम मुक्कामाच्या तळावरच सेव्ह होतो. घोडेस्वार तळावर जाऊन झोपला की.”

“तळ कुठंय?”

“पुलापलीकडं.”

“मग ने की पलीकडं.”

“मी नेणार नाही.”

“का?”

“दादानं थांबवलाय.”

उस्तादांनी भिंगातून वर बघितलं.

“दादा कुठंय?”

मी स्क्रीनकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, “एकवीस दिवस झाले.”

त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

मला वाटलं, आता हेही म्हणणार, वेळ आली होती. म्हणाले असते, तर ती बशी मी भिंतीवर फोडली असती. ते काहीच म्हणाले नाहीत. त्याचाही राग आला.

“दोन मिनिटांत आलो म्हणून तो कुठं निघाला होता?” मी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग उस्ताद कशाला म्हणवून घेता?”

“मी म्हणवून घेत नाही. लोकांना दुसरं नाव आठवत नाही.”

आकडा चौतीस.

“हे बघ,” ते म्हणाले. “ताकद उतरव. शांत मोडवर टाक. खाणं सत्तरवर येईल. मग हाच चार्जर पुरेल. आकडा चढायला लागेल.”

“नाही.”

“चित्र जरा अडखळेल. पण बंद पडणार नाही.”

“दादानं फुल पॉवरवर ठेवलंय. फुल पॉवरवरच राहणार. हा लॅपटॉप त्यानं ताकदीसाठी घेतला होता. अडखळायचा असता तर साधा घेतला असता.”

“ताकद पण पुरी पाहिजे आणि टिकायला पण पाहिजे?”

“हो.”

“असलं मशीन अजून कुणी बनवलं नाही.”

“तुम्हाला जमत नाही, म्हणून सांगा.”

“जमत नाही.”

त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, “सगळे असलेच आहात. डॉक्टर पण तेच म्हणाला. जमलं नाही. पोलीस, जमलं नाही. कुणाला काय जमतं तरी का या गावात?” मी लॅपटॉप उचलला आणि दाराकडं वळलो.

वायर ताणली गेली. पिन निघाली.

स्क्रीन अंधुक झाली. पंख्याचा आवाज एकदम खाली आला. पुलावरचा घोडा जागच्या जागी गोठल्यासारखा झाला. क्षणभरच... दादावर पांघरलेली चादरही अशीच हलत नव्हती.

“लावा! पिन लावा!”

उस्ताद जागचे हलले नाहीत. मीच गुडघ्यावर बसून पिन लावली. ती तीनदा चुकली. दिवा लागला. पंखा परत घोंगावायला लागला. घोडा मान हलवायला लागला.

एकोणतीस.

मी परत टेबलाशी आलो. या खेपेला बसलो.

उस्ताद कीबोर्डकडं बघत होते. आमच्या घरात मागांची कापसाची बारीक धूळ सगळीकडं बसते. लॅपटॉपवरही बसली होती. फक्त डाव्या बाजूला एक जागा स्वच्छ होती. पंजाएवढी.

“रोज हात ठेवतोस इथं?”

मी खाली बघितलं.

“विचारतोय मी.”

“गरम लागतं,” मी म्हणालो. “आत्ताच उठून गेल्यासारखं.”

उस्तादांनी माझं मनगट धरलं आणि माझा पंजा त्या स्वच्छ जागेवर ठेवला. नेमका बसला. भाजत होतं.

“शांत मोडवर हे गार पडणार.”

“माहीत आहे.”

“म्हणून नको?”

“हो! म्हणून नको!” मी ओरडलो. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. “म्हणूनच नको. झालं समाधान?”

...

“किती?” त्यांनी विचारलं.

“सव्वीस.”

“माझा नियम ठाऊक आहे ना? मालकानं चालवून दाखवायचं.”

“तुम्हीच करा काय ते.”

“मालक तू.”

“मालक दादा आहे.”

“मग त्याला बोलव.”

मला पुढचं नीट आठवत नाही. बशी फुटल्याचा आवाज आठवतो. चहा त्यांच्या सदऱ्यावर उडाला होता, भिंगावरही. मी उभा होतो आणि माझी मूठ वर होती.

त्यांनी चहा पुसला नाही. माझ्या मुठीकडं बघितलंही नाही.

“किती?”

मी दात खाऊन बघितलं. “एकवीस.”

“बरं.”

मी वाट बघत राहिलो, ते काही समजावतील म्हणून. ते भिंगावरचा एक थेंब खाली ओघळताना बघत बसले.

वीस.

मी स्वतःशी म्हटलं, विझू दे. फुल पॉवरवरच विझू दे. दादा पण तसाच गेला. कुठं उतरला होता तो, कुठं हळू झाला होता? मग घोड्याकडं बघितलं. त्याच्यावर बसलेला तो पाठमोरा माणूस. खांद्यावर दादानं निवडलेला लाल पटका. तो एकवीस दिवस पलीकडच्या टोकाकडं बघत उभा होता.

एकोणीस.

मी बटण दाबलं. शांत मोड.

पंखा हळूहळू खाली आला. मग थांबला.

एकवीस दिवसांत पहिल्यांदा मला दुसरे आवाज आले. भिंतीवरचं घड्याळ. लांबचे माग. उस्तादांचा श्वास, त्यात बारीक शिट्टी. माझाही.

एकोणीस... एकोणीस... एकोणीस.

वीस.

“चालव,” उस्ताद म्हणाले.

“मला येत नाही. मी नुसता बघायचो.”

“एवढी वर्षं बघितलंस ना?”

मी दादाच्या बोटांच्या जागी बोटं ठेवली. पुढं जायचं बटण दाबलं. घोडा एक पाऊल पुढं गेला, अडखळला, दुसरं टाकलं. चित्र तुटत होतं. मी डावीकडं वळवलं, तर घोडा कठड्यावर आपटला.

“घोडा हाकतोस, का माग?”

“गप्प बसा.”

“दादा असाच चालवायचा?”

“दादा कधीच आपटला नाही.” मी म्हणालो. मग नाका आठवला.



मी घोडा सरळ केला. पूल लांब होता. बघताना इतका लांब कधी वाटला नव्हता. खाली पाणी होतं, ते धक्क्याधक्क्यानं वाहत होतं. मला वाटत होतं, पलीकडं काहीतरी असणार. शत्रू असेल, नाहीतर खजिना. मधोमध थांबावं असं काहीतरी दादाला दिसलं असणार. तेच बघायला मी डोळे ताणून बसलो होतो.

पूल संपला.

पलीकडं काही नव्हतं. एक झाड, एक राहुटी, विझत आलेली शेकोटी. नुसता तळ.

“काहीच नाही इथं,” मी म्हणालो. आवाज चढला. “काहीच नाही! मग थांबला का होता तो?”

उस्तादांनी खांदे उडवले.

मला दुसरी बशी फोडावीशी वाटली. दुसरी नव्हती.

मी घोडेस्वाराला खाली उतरवलं. तो राहुटीकडं जाऊ लागला. मग मी त्याला परत फिरवलं आणि घोडा झाडाला बांधला. शेकोटीत दोन लाकडं टाकली. दादा दर वेळी हे करायचा. न बांधता झोपलं की घोडा सकाळी नसतो, असं सांगायचा.

मग त्याला राहुटीत नेलं. स्क्रीनवर विचारणा आली, झोपायचं का?

डाव्या पंजाखालची जागा गार पडली होती.

मी बराच वेळ बोट वर धरून बसलो. उस्तादांनी घाई केली नाही. आकडा पण विचारला नाही.

मी ‘हो’ दाबलं.

घोडेस्वारानं बूट काढले. लाल पटका सोडून उशाला घेतला. आडवा झाला. मी त्याच्या अंगावर घोंगडी ओढली. कोपऱ्यातलं छोटं चाक फिरलं, फिरत राहिलं, मग थांबलं. सेव्ह झालं.

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. दोन्ही हातांनी. हळू.

चार्जरचा दिवा तसाच लागलेला होता.

उस्तादांनी सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलं, डोळ्यांवर चढवलं आणि माझ्याकडं बघितलं.

“आता चार्जर काढ. तो झोपलाय.”