दौलोजीचा साक्षीदार

दौलोजी राजाच्या तीन बांधकामांवर देखरेख करायचा. पूल, धर्मशाळा आणि तलाव. एकदा भर दरबारात दिवाण त्र्यंबकपंतांनी बोटांवर मोजून हिशेब मांडला, "दिवसाचे प्रहर चार. तीन कामांना एकेक दिलास, तरी एक मोकळा उरतो. उद्यापासून किल्ल्याचा तटही तूच बघ."

"पंत, तो प्रहर एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातच सरतो."

"घरी लोळत असशील! साक्षीदार आण, नाहीतर तट घे."

साक्षीदार आणायचा कुठून? बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग दौलोजी म्हणाला, "आहे एक. घरी चला."

राजा आणि पंत त्याच्यासोबत निघाले. वाटेत पुलावरची कुत्री शेपट्या हलवत दौलोजीच्या पायांत घोटाळली. तलावावरचीही तशीच. तो स्वतःच्या अंगणात शिरला मात्र, शेजारणीच्या तुकड्यांवर वाढलेला त्याचाच कुत्रा खंड्या दात विचकून त्याच्या अंगावर धावला.

"हाच माझा साक्षीदार, पंत. मी रोज एक प्रहर घरी असतो, तर हा मला चोर समजला असता का?"

पंतांची मान खाली गेली. राजाने तट तर दिला नाहीच, उलट तलावही दुसऱ्याकडे सोपवला.

तेव्हापासून दौलोजी दिवस मावळायच्या आत घरी येऊ लागला. अर्धी भाकरी खंड्यापुढे ठेवून लांब बसायचा. खंड्या भाकरी खायचा आणि पुन्हा भुंकायचा.

"भुंक बाबा," दौलोजी म्हणायचा. "सहा वर्षांनी या घरात माझ्याशी कुणीतरी बोलतंय."