सात मिलिमीटरचा ठिपका

एकदा एका कार्यशाळेत हेलिकॉप्टरचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडले होते. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण करणारे ते हेलिकॉप्टर. इंजिनाच्या पात्यांची तपासणी तरुण अभियंता शलाका ताकवले हिच्याकडे होती. तिला हे काम शिकवणारे नाबर सर सत्तरी ओलांडल्यावरही आठवड्यातून तीन दिवस कार्यशाळेत येत.

ही तपासणी पात्याला ओरखडाही न काढता होते. पाती धगधगत्या वायूत फिरतात, म्हणून त्यांच्यावर उष्णता रोखणारा लेप असतो. त्या लेपावर क्षणभर प्रखर प्रकाशाचा झोत टाकतात, आणि ती उष्णता आत कशी झिरपते हे एक खास कॅमेरा टिपतो. जिथे लेप आतून धातूपासून सुटलेला असेल, तिथे उष्णता अडते. पडद्यावर तेवढाच ठिपका उजळ राहतो. नुसत्या डोळ्यांना मात्र पाते निर्दोष दिसते.

एकोणिसाव्या पात्यावर शलाकाला असा ठिपका दिसला. तिने तो मोजला. सात मिलिमीटर. नियमपुस्तकातली मर्यादा तीनची. तिने पाते फिरवून दोनदा पुन्हा पाहिले. ठिपका जागचा हलला नाही.

दुपारी व्यवस्थापक सरनोबत आले. भिंग घेऊन त्यांनी पाते निरखले.

“यात तर काहीच दिसत नाही.”

“कॅमेऱ्यात दिसतंय, सर.”

“तो तापमानाचा फरक आहे, तडा नव्हे. नवं पातं यायला तीन आठवडे लागतील, आणि इंजिन शुक्रवारी द्यायचंय. अहवाल जरा समजून लिहा.”

त्यांनी आवाज चढवला नाही. अशी माणसे सहसा चढवत नाहीत. त्यांना त्याची गरजच पडत नाही.

शलाकाने समजून लिहिले: ‘एकोणिसाव्या पात्यावर किंचित तापमानभेद निदर्शनास येतो. स्वीकारार्हतेबाबत वरिष्ठ स्तरावर विचार व्हावा.’ तो कागद आणि पडद्यावरचे चित्र तिने नाबर सरांना दाखवले. सरांनी चित्र बराच वेळ पाहिले. मग अहवाल उचलला आणि शांतपणे फाडला.

शलाकाला धक्का बसला. दोष सापडल्याचा तेवढाच काय तो लेखी पुरावा होता.

“सर, तुम्हीही त्यांच्याच बाजूचे?” तिने विचारले.

“त्यांच्या बाजूचा हा कागद होता,” सर म्हणाले. त्यांना इतके संतापलेले तिने कधी पाहिले नव्हते. “सरनोबतांना दिसत नाही, कारण त्यांना पाहायचं नाही. त्यांचा मला राग आहे, पण नवल नाही. तुला मात्र दिसलं. तीनदा दिसलं. मर्यादा तीनची, ठिपका सातचा. मग त्यात ‘किंचित’ काय आहे? आणि ‘विचार व्हावा’ म्हणजे कुणी करावा? ज्याला इंजिन शुक्रवारी हवंय त्यानं? उद्या ते पातं तुटलं तर तू म्हणशील, मी लिहिलं होतं. ते म्हणतील, तिनं नको म्हटलं नव्हतं. दोघेही सुटाल. समुद्रावर त्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेली चौदा माणसं सुटणार नाहीत. अगं, लेपाखालची पोकळी यंत्रानं उघडी केली, आणि तू तिच्यावर शब्दांचा दुसरा लेप चढवलास. याला मी तपासणी म्हणत नाही.”

शलाकाला लाज वाटली, आणि त्या लाजेतून हळूहळू राग उभा राहिला. आधी स्वतःचा, मग ‘समजून’ या शब्दाचा. तिने नवा कागद घेतला. ‘पाते क्रमांक एकोणीस. लेप सुटला आहे. ठिपका सात मिलिमीटर, मर्यादा तीन. नाकारले.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि स्वतःच सरनोबतांच्या खोलीत नेऊन दिला.

“याचे परिणाम ठाऊक आहेत?” त्यांनी विचारले.

“हो. म्हणूनच लिहिलं.”

“मी दुसऱ्याकडून तपासून घेऊ शकतो.”

“जरूर घ्या. माझा कागद त्याच्या अहवालासोबत जोडलेला राहील.”

सरनोबतांनी तो कागद पुन्हा वाचला. त्यात वळवता येईल असा एकही शब्द नव्हता. इंजिन शुक्रवारी गेले नाही. पुढच्याच महिन्यात शलाकाची बदली भांडारात झाली. कारण कुणी सांगितले नाही. नाबर सरांनी त्याविरुद्ध तीन पत्रे लिहिली, तेव्हा पाच महिन्यांनी ती तपासणीवर परतली.

ते पाते खरोखर तुटले असते का, हे कुणालाच कळले नाही; कळण्याची वेळच आली नाही. नवे पाते बसवून हेलिकॉप्टर उडाले. त्यातून गेलेले चौदा कामगार पाळी संपवून घरी परतले आणि नेहमीसारखे जेवायला बसले. शलाका ताकवले हे नाव त्यांनी कधी ऐकलेही नाही.

ज्याला दिसते, त्याने ते दिसेल असेच लिहावे.