शेवटचा टाका

एका राज्यात उन्हाळा आला की माणसे घरात मावत नसत. अंगणात खाटा, खाटांवर कुरडया आणि पापड वाळत पडलेले. नदीकाठच्या वाळूत काकडीचे वेल, दारोदारी पळसाच्या पानांत भाजलेल्या पानग्यांचा वास, निंबाच्या सावलीत गोधड्या शिवणाऱ्या बाया. आणि हो, वाळवणावर डोळा ठेवून कौलावर बसलेला एक बोलका कावळा.

राजा भद्रसेन माणूस वाईट नव्हता हो, पण त्याला सगळे जग सज्ज्यातून दिसे. भर उन्हात पापड लाटणाऱ्या बाया पाहून त्याचा जीव कळवळला. "अरेरे, काय हे हाल!" त्या बाया कुणाच्या तरी जावयाची थट्टा करून पोट धरधरून हसत होत्या, ते वर कुठे ऐकू जाणार? राजा तडक एका मेलेल्या मांत्रिकाच्या गुहेत शिरला आणि तिथला शापित रांजण घेऊन आला. रांजणाच्या गळ्यावर हात ठेवून मागावे, ते आयते बाहेर यावे.

राजाने पापड मागितले. पापडांची रास पडली. त्याच दुपारी पापड लाटणाऱ्यांचे हात मनगटापर्यंत दगडाचे झाले. राजाला वाटले, साथ आली असेल. त्याने गोधड्या मागितल्या, भाज्या मागितल्या, मडकी मागितली, आणि शिवणारे, पेरणारे, घडवणारे सगळ्यांचे हात गेले. दगड तिथे थांबेना. मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर चढे आणि काळजाला भिडला की माणूस बसल्या जागी संपे. त्याला उचलायला आळीत कुणाचे हात उरले नव्हते.

मग राजकन्या कुंदाचा वाढदिवस आला. बापाने हौसेने भातुकली मागितली. रांजणातून चांदीची चूल आली, चांदीचा पोळपाट आला. पोर परसात चिखलाची चूल थापत बसली होती. ती ओरडली, "आई, माझे हात बघ!"

राणी केशरा धावली. चिखल धुतला, तर खाली दगड होता.

कावळा कौलावरून म्हणाला, "रांजण देतो ते आकाशातून आणत नाही, राणी. ज्याला जे करता येते त्याच्याच हातांतून ओढून घेतो. मी त्याच्या पापडाला चोच लावत नाही. शी! त्याला कसला वासच नाही."

"मग माझे हात कसे वाचले?"

"तुला काही करता येते का?"

राणीने आपल्या मऊ तळव्यांकडे पाहिले. तिने जन्मात कधी पीठसुद्धा मळले नव्हते.

ती राजापुढे उभी राहिली. राजा रांजण कवटाळून बसला होता, कारण रांजणाची अटच होती, मागणाऱ्याने गळ्यावरचा हात काढला की त्याचेही हात दगड होणार. राणीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती रांजणाला म्हणाली, "काय घेशील?"

रांजणातून घोगरा आवाज आला, "मागितलेले पुष्कळ दिले. आता केलेले हवे. पेरलेले एक, भाजलेले एक, शिवलेले एक. मृगाच्या पहिल्या पावसात मातीतून निघणारा लाल किडा दिसायच्या आत आण. किडा दिसला की पोरीच्या काळजाचा दगड होईल."

"महाराज," राणी म्हणाली, "तोवर आपण तोंड उघडू नका. मी शिकले आणि आपण मागितले, तर माझेही हात जातील."

राजाने मान डोलावली.

राणी गावात गेली. गोधड्यांना नाव असलेली ठकूआजी निंबाखाली बसली होती, दोन्ही दगडी हात मांडीवर ठेवून. राणी म्हणाली, "आजी, मला शिकवा."

"हातांनी दाखवायची सोय नाही, राणीसाहेब. तोंडाने सांगेन. चुकलीस तर बोलेनही."

आणि बोललीच ती! राणीने वाळूत काकडी पेरली ती इतकी खोल, की उगवेचना. "बी पेरतेस की पुरतेस?" पुन्हा पेरली. नदीतून घागरी वाहिल्या, खांदा सोलवटला, पण कोंब वर आला तेव्हा भोवती बसलेली ती थोटी माणसे आनंदाने ओरडली. राणीला रडू फुटले. असले सुख महालात तिला कधी लाभले नव्हते. पहिली काकडी हाती लागेतो कुंदा कोपरापर्यंत दगड झाली होती.

राणीने काकडी रांजणात टाकली. रांजणाला तळापासून तडा गेला.

मग पानगा. कणीक मळून पळसाच्या दोन पानांत थापायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायची. पहिला जळून कोळसा झाला, दुसरा आतून कच्चा राहिला. कावळा म्हणाला, "टाक इकडे, हाताने केलेल्या कशालाही मी नाही म्हणत नाही." पुढे एक असा जमला, की वासाने कुंदा अंथरुणातून विचारू लागली, "आई, मला एक घास?" काळजावर दगड ठेवून राणीने तो पानगा रांजणात टाकला आणि लेकीसाठी दुसरा भाजला. पोरीला भरवताना तिने पाहिले, दगड खांद्याला पोचला होता. रांजणाला दुसरा तडा गेला.

उरली गोधडी. राणी घरोघर फिरली आणि जे गेले त्यांची लुगडी, धोतरे, अंगरखे मागून आणले. कुणी नाही म्हटले नाही. निंबाखाली बसून ती थर लावी, टाका घाली, आणि आजी सांगे की हे लुगडे कुणाचे, ती कशी हसायची, तिच्या कुरडयांना कसा तारेसारखा पीळ असे. बोट टोचे, रक्त येई. राणी शिवत राही.

एक कोपरा उरला तेव्हा आजीचा आवाज बसला. "ऐक. शिवणारीने शेवटचा टाका घालायचा नाही. तो दुसऱ्याने घालायचा. तेव्हा गोधडी ऊब धरते." एवढे बोलून ती गप्प झाली. राणीने हाक मारली, हलवले. आजी छातीपर्यंत दगड झाली होती.

दुसऱ्याचा हात आणायचा कुठून? राणी दारोदार पळाली. सगळीकडे दगडच. तिकडे कावळ्याने हाक दिली, "राणी, परसातली माती हलतेय, लाल किडा आता वर येईल!" मग तिने स्वतःच तो टाका घातला, धावत जाऊन गोधडी रांजणात कोंबली.

रांजणाने ती ओकून टाकली. "ही थंड आहे."

राणीने दातांनी आपला टाका उसवला आणि राजासमोर गोधडी धरली. "महाराज, राज्यात आता दोघांचेच हात उरलेत. माझे चालत नाहीत."

राजाने रांजण आणखी घट्ट धरला. "राणी, मग तलवार कोण धरणार? मी राजा कसला राहीन?"

"कुंदाला श्वास घेता येत नाही, महाराज."

राजाने हात काढला. बोटांची टोके लगेच करडी पडू लागली.

"सुई... कुठे धरतात?"

"नेढ्याच्या बाजूला. घाई करा."

त्याने सुई घातली, ओढली. वेडावाकडा, ढिला असा एक टाका पडला. राणीने दोरा दातांनी तोडला, गोधडी रांजणात टाकली आणि रांजण फुटला. खापऱ्याच खापऱ्या!

आतल्या खोलीतून कुंदाच्या रडण्याचा आवाज आला. चांगले मोकळे, मोठ्याने रडणे. गावभर लोक आपली बोटे उघडून मिटून पाहू लागले. जे गेले होते ते मात्र उठले नाहीत. ठकूआजी निंबाखाली तशीच राहिली.

आणि राजाचे हात दगडाचेच राहिले. राणीने कावळ्याला विचारले, "यांचे का सुटले नाहीत?"

"बाकीच्यांचे रांजणाने घेतले होते, ते परत आले," कावळा म्हणाला. "याचे यानेच दिले."

मनगटापाशी दगड थांबला खरा, पण सुई चिमटीत अडकली ती अडकलीच. पुढच्या उन्हाळ्यापासून राजा निंबाखाली वाळवण राखायला बसू लागला. कावळा आला की ओरडायला हात लागत नाहीत. राणी त्याला पानगा भरवी. आणि राज्यातली प्रत्येक बाई आपली गोधडी पुरी होत आली, की एक कोपरा ठेवून त्याच्याकडे घेऊन येई आणि त्या सुईत दोरा ओवी. सुई हलत नसे. बाई गोधडीच खालीवर करी, आणि राजाचा टाका पडे.

ही कहाणी इथे गाठ मारून तोडली. ज्याला ऊब लागली, त्याने ती पुढच्याच्या अंगावर घालावी.