परीने दिलेला दिवस

एका हिरव्यागार गावात, जिथे पावसाळ्यात माणसांपेक्षा बेडूकच जास्त बोलत, तिथे येसू नावाची इवलीशी मुलगी राहायची. बाप नव्हता, आई तापाने अंथरुणाला खिळलेली. आणि भाताची कोवळी रोपं लावणीवाचून पिवळी पडायला लागलेली. आज लावली नाहीत, तर वर्षभर चूल थंड!

गावात सावडीची रीत होती. तू माझ्या शेतात राब, मी तुझ्या. म्हणून येसू गावच्या मानकरी गावकारकाकांकडे लावणीला हात मागायला गेली.

"तुझ्या आईने यंदा कुणाला दिवस दिला नाय," काका म्हणाले. "हात दिला नाय, तर हात मिळायचा नाय."

"ताप काय रीत विचारून येतो?" येसू फणकारली आणि एकटीच खाचरात उतरली.

दुपारी तिने रोपांची एक जुडी उचलली, तर आत चिमुकली परी! चतुराचे निळे पंख, पाण्याच्या थेंबांची माळ, लोंबीचा सोनेरी मुकुट.

"एक इच्छा माग, बाळे," परी म्हणाली. "पण नियम आहे हं. तुझ्या खाचरात जेवढं वाढेल, तेवढं शेजारच्या खाचरातून जाईल."

शेजारचं खाचर गावकारकाकांचंच! बरी खोड मोडेल, येसूला वाटलं. मग काकांची छोटुकली ठमी आठवली, पेजेची वाटी चाटूनपुसून साफ करणारी.

"नको मला तुझी इच्छा! आणि हा नियमच वाईट आहे. बदल तो."

"नियम परीराणीचा आहे गं."

"मग तिला सांग, येसू नाही म्हणाली." तिने पाठ फिरवली आणि पुन्हा रोपं लावू लागली.

शंभर पावसाळ्यांत परीला कुणी नाही म्हटलं नव्हतं. शेजाऱ्यासाठी इच्छा सोडणारी मुलगी भेटल्याचा तिला इतका आनंद झाला, की तिने मुकुट बांधावर ठेवला, रुपेरी झगा खोचला आणि चिखलात उडी मारली. तिन्हीसांजेला सगळं खाचर लावून झालं.

"आता माझा एक दिवस तुझ्याकडे," परी म्हणाली. "ज्याला कुणी हात देत नाही, त्याच्याकडे तो फेड." लखलख सोनेरी उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली.

त्या वर्षी येसूची कणगी काठोकाठ भरली, आईही बरी झाली.

पुढच्या पावसाळ्यात गावकारकाका तापाने पडले. त्यांनी कुणाला दिवस दिला नव्हता, म्हणून कुणी फिरकलं नाही. येसू परकर खोचून त्यांच्या दारात उभी राहिली.

"पोरी, मी हात दिला नाय..." काका अंथरुणातून म्हणाले.

"ती रीत मी मोडली, काका," येसू म्हणाली. "रोपं कुठे आहेत?"