तारेच्या टोकाचा मणी

त्या राज्यात वायूला वास नव्हता आणि तो तळापासून वर चढत यायचा. म्हणून तळघरापासून दालनाच्या दारापर्यंत सात हुंगणारी यंत्रं भिंतींवर बसवली होती. सातही एकाच तारेने दालनातल्या पॅनेलला जोडलेली. वायू लागला की यंत्राच्या कपाळावर लाल दिवा लागायचा आणि ते तारेत ओरडायचं. पॅनेलवर हिरवा दिवा असेल तरच चुलीने पेटायचं, असा नियम होता.

तार शाबूत आहे का, हे कळण्याचीही सोय होती. तारेच्या अगदी टोकाला, तळघरात, एक छोटा मणी बसायचा. पॅनेल तारेतून सतत विचारायचं, "आहेस?" मणी खालून म्हणायचा, "आहे." उत्तर आलं नाही, की तार तुटली असं समजून पिवळा दिवा लागायचा.

तळघरातल्या ओलीने मण्याचा आवाज अधूनमधून बसायचा. मग पिवळा दिवा लागे आणि जेवणं खोळंबत. दालनातल्या जुन्या मंडळींना ही कटकट नको होती. त्यांनी मण्याला वर आणून पॅनेलच्याच पेटीत बसवलं. त्यानंतर पिवळा दिवा एकदाही लागला नाही. पॅनेलचा सत्कार झाला.

तळघरातलं सातवं यंत्र नवं होतं. तिचं नाव हुंगी. एका सकाळी तिला वायू लागला. ती तारेत ओरडली. वर काहीच हललं नाही.

"सहावे काका, तुम्ही तरी ओरडा!"

"माझ्या खोलीत काही नाही. आणि तू कालची आलेली."

"तुमच्या नाकाशी येईपर्यंत वाट बघायची का?"

"वरच्यांना सगळं कळतं, पोरी."

हुंगीने तळघरातल्या उंदराला वर धाडलं. पहिल्या यंत्राच्याही पुढे, दालनाच्या उंबऱ्याशी तो थबकला. तार तुटलेली होती आणि टोकांवर त्याच्याच दातांच्या खुणा होत्या. तो तसाच पॅनेलकडे धावला.

"आजोबा, तार तुटलीय. मीच कुरतडली. खाली वायू भरतोय, चुलीला थांबवा!"

"तार तुटली असती तर मणी बोलला असता का? ऐक. आहेस?"

"आहे," एका बोटाच्या अंतरावरून मणी म्हणाला.

"अहो, तो तुमच्या मांडीवर बसलाय! त्याला खालचं काय कळणार?"

"वय काय रे तुझं?" एक म्हातारा म्हणाला. दालन हसलं. उंदराला शेपटी धरून बाहेर टाकलं.

वायू सहाव्या खोलीत शिरला. सहावे काका घसा फुटेस्तोवर ओरडले. मग पाचवे, मग चौथे. तुटलेल्या टोकापाशी सगळ्यांच्या हाका येऊन थांबत होत्या. दालनात पानं मांडली गेली. चुलीने काडी हातात घेतली.

तेवढ्यात दाराशी असलेल्या पहिल्या यंत्राच्या कपाळावरचा लाल दिवा लागला. जुन्या मंडळींनी तो पाहिला. मग त्यांनी वळून पॅनेलकडे पाहिलं. तिथे हिरवा होता.

त्यांनी चुलीकडे बघून मान डोलावली.